सात लाख कोटींचे बजेट आणि फ्रीजमधल्या दोन कुप्या

पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरते तेव्हा मुरबाड-कर्जत रस्ता बैलांनी, घोंगड्यांच्या गठ्ठ्यांनी आणि माणसांनी भरून जातो. चहाच्या टपरीवर घटकाभर बसले की दोन विषय हमखास कानी पडतात, बैलजोडीचा भाव आणि सरकार. बैलांचा भाव शेवटी ठरतो. सरकारचा विषय मात्र दरवर्षी एकाच वाक्यावर येऊन थांबतो, "एवढा पैसा येतो, जातो कुठं?" मग कोणी तरी एखाद्या पुढाऱ्याला शिवी हासडतो, कप खाली ठेवतो आणि उठतो.

हाच प्रश्न मी मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता, भाड्याच्या जीपमध्ये, माझ्या वहिनीच्या तोंडून ऐकला. तिच्या मांडीवर तिचा बारा वर्षांचा मुलगा होता आणि त्याच्या पापण्या उघडत नव्हत्या.

आमची बौद्धवाडी म्हशापासून फार लांब नाही, पण ओढ्यापलीकडे आहे. भावाचे रमाई आवास योजनेतले घरकुल मंजूर झाले, पाया झाला, भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि पुढचा हप्ता अडकला. तेवढा पावसाळा जुन्या कुडाच्या घरातच काढायचे ठरले. पोरगा जमिनीवर गोधडी टाकून झोपला होता. अकराच्या सुमारास पोटात दुखते म्हणून रडत उठला. रात्री सुकट खाल्ली होती, तीच बाधली असेल म्हणून वहिनीने ओवा-मीठ दिले. तासाभराने तो गेंगाण्या आवाजात बोलू लागला, थुंकी गिळता येईना, डोळ्यांवर झापड आली. मी अंगणवाडीत पंचवीस वर्षे काढली आहेत. झोपेची झापड निराळी आणि ही निराळी, एवढे मला कळले. अंगावर दाताची खूण दिसत नव्हती, सूजही नव्हती. मण्यार अशीच चावते. झोपलेल्या माणसाला डास चावल्याइतकेही जाणवत नाही.

पहिल्या केंद्रात सिस्टर होती. डॉक्टरांची एक जागा रिकामी, दुसऱ्या डॉक्टरांकडे आणखी एका केंद्राचा भार, आणि त्या रात्री ते तिकडे होते. केंद्राचे नाव मी इथे लिहीत नाही. लिहिले तर सगळा दोष त्या सिस्टरच्या माथी जाईल, आणि तिने तर जीव तोडून काम केले. तिने फ्रीज उघडला. सर्पदंशाच्या लसीच्या दोन कुप्या होत्या. "ताई, सुरुवातीलाच दहा लागतात," ती हळूच म्हणाली. डॉक्टरांना फोन लावून त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिने त्या दोन्ही दिल्या, १०८ ला कळवले, पुढच्या रुग्णालयात फोन करून लस तयार ठेवायला सांगितले. रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर होती, म्हणून आम्ही जीपनेच निघालो आणि ती अर्ध्या वाटेत भेटली.

पोरगा वाचला. सहा दिवस श्वासाच्या मशीनवर होता. आता शाळेत जातो, फक्त अंधारात जमिनीवर पाय ठेवायला घाबरतो.

वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री माझ्याकडे नव्हते. पुढचे काही महिने मी ते शोधत होते. जे हाती लागले ते इथे मांडते, कारण दोन कुप्या आणि अर्धवट भिंत या दोन्ही गोष्टी बजेटातच येतात.

१० मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. आकडा सात लाख कोटी रुपयांचा होता. एवढा आकडा आपल्या डोक्यात मावत नाही, म्हणून शंभर रुपयांचा हिशेब करू. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सांगितले होते की २०२० पर्यंत आपल्या बजेटातील शंभरपैकी आठ रुपयांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करा. महाराष्ट्र चार-पाच रुपयांच्या घरातच घुटमळत राहिला. देशातले श्रीमंत राज्य म्हणून मिरवणाऱ्या आपल्या राज्याचा हा वाटा इतर राज्यांच्या सरासरीपेक्षाही कमी आहे. तीन-साडेतीन रुपयांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. सात लाख कोटींवर तोच फरक चोवीस हजार कोटींच्या आसपास जातो.

त्यातही बजेटात छापलेला पैसा म्हणजे गावात आलेला पैसा नव्हे. आधी तरतूद होते, मग ती रक्कम विभागाला वितरित होते, मग खरेदीचा आदेश निघतो, मग माल येतो. या प्रत्येक पायरीवर पैसा अडू शकतो आणि मार्चअखेर न खर्चलेला परत जातो. औषधांचेच बघा. २०१७ मध्ये राज्याच्या सरकारी रुग्णालयांची औषध खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. रुग्णालयांनी मागणी नोंदवली, पैसे वर्ग केले, तरी औषधे वेळेवर पोहोचेनात अशी ओरड वर्षानुवर्षे चालली. म्हणून २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. खरेदीचे दुकान बदलले. दुकान बदलण्याच्या काळात ज्याला औषध लागले, त्याने ते बाहेरच्या मेडिकलमधून आणले. आणायला पैसे नव्हते त्याचे काय झाले, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

हे सगळे थकून शेवटी कुठे साचते ते २०२३ साली दिसले. १२ आणि १३ ऑगस्टच्या चोवीस तासांत ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात अठरा रुग्ण दगावले. ठाणे हा तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचा, एकनाथ शिंदे यांचा, स्वतःचा बालेकिल्ला. रुग्ण फार उशिरा आणि अत्यवस्थ अवस्थेत आले होते, असा खुलासा झाला. असेलही. पण ते उशिरा का आले? मुरबाड-शहापूरच्या माणसाला हा प्रवास तोंडपाठ आहे. प्राथमिक केंद्रातून मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून चिठ्ठी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाची, तिथून कळवा, नाही तर थेट मुंबईचे जे.जे. ठाण्याचे सिव्हिल रुग्णालयही त्या काळात नव्या इमारतीसाठी पाडलेले होते आणि मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेले होते. प्रत्येक चिठ्ठीमागे दोन-तीन तास जातात. खालच्या केंद्रात जे मिळाले नाही, त्याचे ओझे वरच्या रुग्णालयावर पडते आणि एक दिवस ते कोसळते.

दोन महिनेही झाले नव्हते तोच नांदेड. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. त्यांत बारा नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडे आरोग्याच्या निधीचा व रिक्त पदांचा हिशेब मागितला.

न्यायालयाने हिशेब मागितला. एका खासदाराने काय केले, तेही आठवून बघा. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील त्या रुग्णालयात गेले, घाण संडास बघून संतापले आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. त्याचे चित्रण सगळ्या राज्याने पाहिले. पुढे खासदारांवर अॅट्रॉसिटी कायद्यानेही गुन्हा नोंदवला गेला. त्या चित्रफितीवर आपल्याच वस्तीतल्या काही पोरांनी "बरं केलं, असाच धडा पाहिजे" असे म्हटल्याचे मी ऐकले आहे. मला ते फार लागले. सफाई कामगारांची पदे कोण भरत नाही? बजेटावर हात वर करून मत कोण देतो? ज्याच्या हातात मत आहे तो झाडू दुसऱ्याच्या हातात देतो आणि आपण टाळ्या वाजवतो. कोणाच्या हातात झाडू दिला की आपला राग थंड होतो, हे या पुढाऱ्यांना नेमके ठाऊक आहे. आपल्या समाजाने तरी त्या टाळीत हात मिसळू नये.

बाबासाहेबांचा राग हिशेबाच्या वहीतून व्यक्त होत असे. १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवर आहे. वरचे सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, याचाच तो शोध. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात गेल्यावर त्यांनी बजेटावर भाषण केले आणि गरीब शेतकऱ्यावर कराचा बोजा कसा उलटा पडतो ते दाखवले. १९२८ मध्ये गिरण्यांतील स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. आई आणि बाळ यांची काळजी घेणे हे सगळ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, या पदावर चर्चा चालू असताना बाबासाहेबांनी हे पद संविधानातले कदाचित सर्वांत महत्त्वाचे पद आहे असे मत मांडले. त्यांच्या दृष्टीने पैसा विधिमंडळाने ठरवला तसाच खर्च झाला की नाही हे बघणाऱ्याचे काम न्यायाधीशाच्या कामापेक्षाही कितीतरी अधिक मोलाचे होते.

त्याच कॅगचा महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात ठेवला गेला. त्यात डॉक्टरांची २७ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि तंत्रज्ञ वगैरे कर्मचाऱ्यांची ३१ टक्के पदे कमी असल्याचे नोंदवले आहे. माझ्या पुतण्याच्या रात्री जी डॉक्टरची खुर्ची रिकामी होती, ती या टक्केवारीतली एक. अहवाल मांडला गेला, दोन दिवस बातम्या आल्या. त्यावर आपल्या तालुक्यात एक तरी सभा झालेली मी ऐकली नाही.

आता अर्धवट भिंतीकडे येते. अनुसूचित जातींच्या विकासासाठी आपल्या लोकसंख्येच्या प्रमाणात बजेटातला वाटा राखून ठेवायचा, असे धोरण १९७९-८० पासून आहे. आधी त्याला विशेष घटक योजना म्हणत, पुढे अनुसूचित जाती उपयोजना. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हा वाटा शंभरात जवळजवळ बारा रुपये बसतो. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, रमाई घरकुल, वस्तीतले रस्ते, पाणी, गटारे हे सगळे याच पैशातून. मे २०२५ मध्ये बातमी आली की लाडकी बहीण योजनेचा हप्ता देण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट भडकले आणि हा विभाग नको असेल तर बंदच करा, अशा अर्थाचे बोलले. सरकारची बाजू अशी की, योजनेत अनुसूचित जातीच्या बहिणीही लाभार्थी आहेत, त्यांच्या वाट्याची रक्कम त्या त्या लेखाशीर्षातून दाखवावी लागते, त्यामुळे हे वळवणे नव्हेच.

कागदावर हा युक्तिवाद टिकेल. माझ्या वहिनीलाही ते दीड हजार मिळतात आणि ते तिला लागतात. तेल-मीठ त्यातून येते. त्या पैशावर टीका करणारे बहुतेक जण दीड हजारात एका वेळचे जेवण उरकणारे असतात. पण बहिणीला सगळ्यांप्रमाणे द्यायचे पैसे सगळ्यांच्या तिजोरीतून दिले पाहिजेत. आपल्या घरकुलासाठी, वसतिगृहासाठी राखलेल्या डब्यातून काढून आपल्यालाच ओवाळणी घालायची, हा कसला हिशेब? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये आणि तेलंगणाने २०१७ मध्ये या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, कायद्याची मागणी वर्षानुवर्षे फक्त निवेदनांत आहे. आणि घरकुल हा आरोग्याचाही विषय आहे. कुडाच्या भिंतीत उंदीर, उंदरामागे साप, आणि जमिनीवर झोपलेले पोर. पक्की भिंत आणि एक खाट याही लसीच आहेत.

मोठ्या बजेटावर आपला हात पोहोचत नाही, हे खरे. पण पैशाची शेवटची वाटी आपल्या गावातच रिकामी होते आणि तिथे पोहोचता येते. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात लोकप्रतिनिधी असतात आणि वैद्यकीय अधिकारी सचिव असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या नियमाप्रमाणे केंद्राला दुरुस्ती, किरकोळ गरजा आणि समितीचे अनुदान मिळून वर्षाला पावणेदोन लाख रुपयांपर्यंत निधी धरलेला आहे. गावाच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीलाही काही हजार रुपये येतात. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे? मला विचारले असते तर वर्षभरापूर्वी मलाही सांगता आले नसते, आणि मी अंगणवाडीवाली! यादी मागितली तेव्हा कळले की आमच्या वाडीतल्या एका बाईचे नाव सदस्य म्हणून होते. तिला पत्ताच नव्हता.

आपल्याकडे हे काम पूर्वी झालेले आहे, हे नव्या पोरांना ठाऊक नाही. २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता आणि मुरबाड तालुक्यातही ते काम उभे राहिले. गावकरी केंद्रात जाऊन बघत, प्रगतिपत्रकावर लाल, पिवळा, हिरवा रंग भरत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचून दाखवत. औषध असूनही बाहेरची चिठ्ठी का दिली, याचे उत्तर चारचौघांत द्यावे लागले की पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या कमी होत. आता तर ठाणे जिल्हा परिषदेची मुदत २०२३ मध्ये संपल्यावर कारभार प्रशासकाकडे गेला. भांडायला निवडून दिलेला सदस्यच नसेल, तर कागद मागणे आणखीच जरुरीचे होते.

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून कामाच्या गोष्टी सांगून टाकते. आपल्याकडे विषारी साप मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांवर एकच लस चालते. साप चावला, किंवा पावसाळ्यात रात्री अचानक पोटदुखी, डोळ्यांवर झापड, बोलताना आवाज बदलणे असे दिसले, तर खूण शोधत बसू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका. दोरीने घट्ट आवळणे, ब्लेडने कापणे, तोंडाने ओढणे, मांत्रिकाकडे नेणे, यातले काहीही नको. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. साप मारून सोबत आणायची गरज नाही. झोपताना खाट नसेल तर निदान मच्छरदाणी गोधडीखाली नीट खोचून झोपा. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळे मोफत आहे. औषध बाहेरून आणायला सांगितले तर ते "उपलब्ध नाही" असे चिठ्ठीवर लिहून मागा. भांडू नका, लिहून मागा. मोठ्या आजारात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. चौकशीचा नंबर १५५३८८.

दिवाळीनंतर आमच्या महिला मंडळाच्या सात जणी केंद्रात गेलो. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. मी माहिती अधिकाराचा अर्ज पिशवीत ठेवला होता, पण तो काढावा लागला नाही. औषध निर्माता आधी गोंधळला. मग सिस्टरच म्हणाली, "दाखवा हो, त्यांच्याच पोराला आपण दोनच देऊ शकलो होतो." त्याने साठ्याचे रजिस्टर काढले. वहिनीला वाचता येते, पण तिने बोट एका एका ओळीवर ठेवून हळूहळू वाचले. पाच महिन्यांत लसीची मागणी तीनदा पाठवलेली होती, दोनदा माल आलाच नव्हता, तिसऱ्यांदा आला तो मागणीच्या अर्धा. मागणीपत्रांच्या तारखा आम्ही वहीत उतरवून घेतल्या आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्राला जोडल्या. रुग्ण कल्याण समितीची बैठक कधी झाली ते विचारले. तो कागद शोधायला त्यांना वेळ लागला.

मग फ्रीज उघडून कुप्या मोजल्या. चौदा होत्या. संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर वहिनीने फळ्यावर खडूने लिहिले: सर्पदंश लस १४. खाली तारीख घातली. पुढच्या पौर्णिमेला कोण मोजायला जाणार, तेही तिथेच ठरले. घरकुलाच्या हप्त्याची चौकशी पंचायत समितीत अजून चालू आहे.